मदत हवी आहे: पट्ट्या काढून गणित शिकवताना मुलगी अडते

मृण्मयी_वारजे
लेकीला शाब्दिक उदाहरणं सुटत नाहीत. शाळेत बार मॉडेल सुरू केलंय, म्हणजे उदाहरणातल्या प्रत्येक रकमेसाठी लहान-मोठी पट्टी काढून सोडवायचं. मी पट्टी काढून दिली की उत्तर लगेच येतं. तिला काढायला सांगितली की कशीही काढते आणि उत्तर चुकतं. नवरा म्हणतो पट्ट्या सोड, सरळ बेरीज-वजाबाकी शिकव. सोमवारी घटक चाचणी आहे. ठेवू की सोडू? लवकर सांगा प्लीज.

अण्णा_कोथरूड
कितवीत आहे? बोर्ड कोणतं? हे न सांगता काय सांगणार?

खडूफळा
ताई, चुकलेलं एक उदाहरण जसंच्या तसं टाका. तिने काढलेली पट्टी कशी होती तेही लिहा.

स्वराची_आई
आमच्या भाच्याला अबॅकस लावलं आणि गणिताची भीतीच गेली. सिंहगड रोडला चांगले क्लास आहेत, हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मृण्मयी_वारजे
अहो, आकडेमोड येते तिला, पाढे पाठ आहेत. अबॅकस नकोय. पाचवीत आहे, सेमी. कालचं उदाहरण:

ईशा आणि अमेयकडे मिळून ९६ रुपये आहेत. ईशाने अमेयला १२ रुपये दिल्यावर दोघांकडे सारखे झाले. आधी प्रत्येकाकडे किती होते?

तिने ईशाची पट्टी अमेयपेक्षा १२ ने लांब काढली. ९६ मधून १२ वजा, ८४ चे निम्मे ४२. अमेय ४२, ईशा ५४. आणि ठाम सांगते की बरोबर आहे.

अण्णा_कोथरूड
सेमी म्हणजे गणित इंग्रजीतून. आधी उदाहरण मराठीत सांगून बघा, निम्मी मुलं तिथेच अडतात.

मृण्मयी_वारजे
मराठीतच सांगितलं होतं. गोष्ट तिला कळते.

क्ष_आणि_य
अमेयकडे क्ष, ईशाकडे ९६ वजा क्ष. क्ष + १२ = ८४ − क्ष. क्ष = ३६. दोन ओळींत संपलं. पट्ट्यांवर वेळ घालवण्यापेक्षा समीकरण शिकवा, पुढे तेच लागणार आहे.

खडूफळा
@क्ष_आणि_य, समीकरण मांडायलाही दिल्यानंतर कोणाकडे किती झाले हे दिसावंच लागतं. या मुलीला नेमकं तेच दिसत नाहीये.

मृण्मयीताई, तिची पट्टी कशीही काढलेली नाही. "१२ दिल्यावर सारखे" म्हणजे फरक १२, असं तिला वाटतंय. पण ईशाचे १२ कमी होतात तेव्हाच अमेयचे १२ वाढतात, म्हणून फरक २४ असतो. हे तोंडी सांगून पटत नाही, हाताने करू द्या. पेपरच्या दोन पट्ट्या कापा, एक लांब, एक आखूड. लांब पट्टीचा तुकडा कापून आखूड पट्टीला जोडायचा आणि दोन्ही सारख्या करायच्या. जास्तीचा सगळा भाग कापून जोडला की आखूड पट्टीच लांब होऊन बसते. मग तिचं तिलाच कळतं की जास्तीच्या भागातला अर्धाच द्यायचा. त्यानंतर वहीत:

ईशा: [——३६——][१२][१२]
अमेय: [——३६——]

दुसरं, तिच्याच उत्तराचा पडताळा तिलाच घ्यायला लावा. ५४ मधून १२ दिले, ४२ उरले. अमेयकडे ४२ चे ५४ झाले. सारखे झाले का?

आणि पट्टी तुम्ही काढू नका. अख्खं गणित त्या पट्टीतच असतं, राहिलेली फक्त आकडेमोड. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, तेवढंच काढायचं, मग पुढचं वाक्य. बेरीज की वजाबाकी हा प्रश्न सगळी वाक्यं पट्टीवर आल्यावर.

ओवीचा_बाबा
+१. आमच्याकडे वेगळाच घोळ होता. "अथर्वकडे ४८ गोट्या आहेत, त्याच्याकडे सईपेक्षा १२ जास्त आहेत, तर सईकडे किती?" ओवी "जास्त" बघून सरळ ६०. तिला एवढंच विचारायचो, लांब पट्टी कोणाची? अथर्वची म्हणाली की ३६ आपोआप.

शिष्यवृत्ती_पालक
हे सगळं घरी ठीक आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, त्यातले ५० गणिताचे. पट्ट्या कधी काढणार? पर्याय टाकून बघायची सवय लावा.

खडूफळा
सरावाने पट्टी आखीव राहत नाही, कडेला दोन रेघा मारल्या की पुरतं. पर्यायांवरून उत्तर शोधणारं मूल पर्याय नसलेल्या पेपरात काय करणार?

क्ष_आणि_य
पण सातवी-आठवीत पट्ट्या सोडायच्याच आहेत ना? मग दोनदा का शिकायचं?

खडूफळा
दोनदा नाही. न कळलेल्या तुकड्यावर ती आज प्रश्नचिन्ह लिहिते, पुढे तिथेच क्ष लिहील. सिंगापुरात १९८० च्या दशकात खो टेक हाँग यांच्या गटाने ही पद्धत प्राथमिकच्या पुस्तकांत आणली. आकडेमोड जमते पण शाब्दिक उदाहरणात अडते, अशाच मुलांसाठी. तिथेही पुढच्या वर्गांत बीजगणित आहेच.

जुनी_बालभारती
मूळ दुखणं पुस्तकांत आहे. २०१९ मध्ये दुसरीला एकवीसचं "वीस एक" केलं, तेव्हापासून सगळा गोंधळ.

ओवीचा_बाबा
त्याचा इथे काय संबंध? आणि जोडाक्षरांमुळे अडणाऱ्या मुलांना त्याने मदतच होत होती.

जुनी_बालभारती
आम्ही त्रेपन्न, त्रेसष्ट म्हणतच मोठे झालो. कोणाचं अडलं नाही.

अण्णा_कोथरूड
त्यासाठी वेगळा धागा काढा. मृण्मयीताई, चौकटीची वही वापरा, पट्ट्या सरळ येतात. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळेल.

मृण्मयी_वारजे
पेपरच्या पट्ट्या केल्या. आधी अख्खा तुकडा कापून लावला, अमेयची लांब झाल्यावर स्वतःच म्हणाली, "अगं, अर्धाच द्यायला हवा." ६० आणि ३६ आले. सर, मनापासून आभार.

आता पुढचं अडलंय. दुकानदाराने तांदळाचा ३/५ भाग विकला, ४० किलो उरला, सुरुवातीला किती होता? पट्टीचे पाच भाग बरोबर केले, पण ४० तीन भागांवर लिहिले आणि म्हणते भाग जात नाही, उदाहरणच चुकीचं आहे.

खडूफळा
उत्तर सांगू नका. विकलेले तीन भाग तिला पेन्सिलीने गिरवायला लावा आणि विचारा, दुकानात आता कोणते भाग आहेत?

स्वराची_आई
अपूर्णांकांची पहिली लेव्हल आमच्या क्लासमध्ये पण घेतात हं.

मृण्मयी_वारजे
दोन भाग ४०, एक भाग २०, सगळे १००. जमलं! पट्ट्या ठेवतेय. आता ती विचारतेय, चाचणीत पट्टी न काढता उत्तर लिहिलं तर मार्क कापतात का?

ओवीचा_बाबा
आमच्या शाळेत रीतीला एक मार्क असतो, आकृती काढा किंवा वाक्यात लिहा. तुमच्या बाईंना वर्गाच्या ग्रुपवर आजच विचारा, रविवारी उत्तर यायचं नाही.