दहेज प्लांटचं प्रमोशन नाकारणाऱ्या ‘त्या’ बाईंच्या वतीने

चहाबिस्किट
मकरपुरा_जीएम साहेबांचं कालचं लिखाण ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांच्या खात्यातल्या एका बाईंना भरूचजवळच्या दहेज गावातल्या प्लांटवर मॅनेजरची जागा देऊ केली. मुलगा दहावीला आहे म्हणून बाई नको म्हणाल्या. त्यावर साहेबांचा निष्कर्ष असा की बायकांना वर जायचंच नसतं, आणि वर बायका का नाहीत म्हणून जाब मात्र पुरुषांना विचारतात. खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची ही रांग.

काल रात्री उत्तर लिहायला घेतलं, पण डोकं इतकं तापलेलं होतं की पुसून टाकलं. आज रविवार आहे, नवरा गवारीच्या शेंगा मोडतोय, तेव्हा सविस्तर लिहिते.

साहेब, बडोदे-दहेज अपडाउन तुम्ही कधी केलंय? मला आठवतं, तुम्हीच मागे अभिमानाने लिहिलं होतं की दहेजला असताना कंपनीने भरूचला क्वार्टर दिलं होतं. वहिनी इथे मांजलपूरला दोन मुलं आणि तुमच्या आईंना घेऊन राहिल्या आणि तुम्ही शनिवारी रात्री घरी यायचात. त्या बाईंना क्वार्टर देऊ केलंत? दिलं असतं तर मागे घर कोण बघणार होतं? त्यांना ‘वहिनी’ कुठून आणायच्या?

क्वार्टर नाही म्हणजे बस. पावणेसहाला स्टॉपवर. त्याआधी डबे. मग करजणचा टोलनाका, भरूचला वळलं की ट्रकच्या रांगा, आणि संध्याकाळी घरी यायला आठ. माझा नवरा अंकलेश्वरला जायचा तेव्हा सोसायटीतल्या एकाही बेनने त्याला विचारलं नाही की मुलीला कोण बघतं. मी हालोलला लागले आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये चौकशी सुरू. हालोल तर अंकलेश्वरच्या निम्म्यावर आहे!

आणि मुख्य गोष्ट. त्या ‘आत्ता नको’ म्हणाल्या की ‘कधीच नको’? तुम्ही लिहिलंय की ती जागा वर्षभर रिकामी आहे. वर्षभर माणसाशिवाय चालली, तर बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपेपर्यंत चालली नसती?

मकरपुरा_जीएम
नाव न घेता एक उदाहरण दिलं तर एवढा थयथयाट. मी वस्तुस्थिती लिहिली. प्लांट कुणाच्या दहावीसाठी थांबत नसतो. शटडाउनची तारीख ठरली की ठरली. मी भरूचला राहिलो तो त्याग होता, मजा नव्हती. मेसचं जेवण जेवलोय. मुलीचं पहिलं पाऊल मी पाहिलेलं नाही. त्याबद्दल कुणी लेख लिहिला नाही आणि मीही रडलो नाही. वर जायचं तर किंमत द्यावी लागते, बाई असो की बुवा.

ओसरी
किंमत वहिनींनी दिली काका. पावती तुमच्या नावाची फाटली एवढंच.

नाईट_शिफ्ट
जीएम साहेब, तुम्ही रडला नाहीत हाच प्रॉब्लेम आहे. रडला असतात तर आमच्या पिढीचं काम सोपं झालं असतं.

मुलगा झाला तेव्हा मी बी शिफ्टला होतो. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर १५ दिवस रजा असते. खासगीत बापासाठी तसला कायदाच नाही, कंपनीची मर्जी. मी सिक लीव्ह टाकली आणि कारणात ‘ताप’ लिहिलं. सुपरवायझर म्हणाला, डिलिव्हरी तुझी झाली का? सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. नंतर जामनगरची बदली नाकारली तर कँटीनमध्ये माझं नाव ‘घरजावई’ पडलं. मी तर स्वतःच्या आईवडिलांकडे राहतो!

जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ते बोलणं गाजलं होतं, आठवड्याला ९० तास काम करा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार. त्याआधी २०२३ मध्ये नारायण मूर्तींचे ७० तास. आमच्या ग्रुपवर मीम आले आणि विषय संपला. पण जो माणूस ९० तास बाहेर राहील त्याच्या मुलाला शाळेच्या रिक्षातून उतरवून कोण घेणार, हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं की कोणीतरी असेलच.

सुरसागरकाठी
ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण केलं, मुलींसकट, त्या बडोद्यात आज ही चर्चा होते याचं वाईट वाटतं. महाराणी चिमणाबाई तर १९२७ च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष. मुलंबाळं, राजवाडा, परदेश दौरे आणि सार्वजनिक काम, सगळं सांभाळलं. इच्छा असली की मार्ग सापडतो.

ओसरी
आणि लक्ष्मी विलास राजवाड्यात दाया किती होत्या? तेही सांगा ना. माझ्याकडे एक येते, तीही नवरात्रात नऊ दिवस गायब.

सुरसागरकाठी
महाराणींची थट्टा शोभत नाही. त्यांच्या नावाचं स्त्री उद्योगालय आजही आहे, जाऊन बघा. घराबाहेर पडून चार पैसे मिळवण्याची सोय त्यांनी तेव्हा केली.

ओसरी
थट्टा महाराणींची नाही, तुमच्या उदाहरणाची आहे.

अप्पा_निवृत्त
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. आईबाप दिवसभर बाहेर, मुलं इंग्रजी शाळेत आणि मग सांभाळणाऱ्या गुजराती बेनकडे. परिणाम काय? दांडिया बाजारात चार पिढ्या राहिलेल्या घरातला मुलगा आजीला ‘दूध नथी जोईतुं’ म्हणतो. मराठी संपली. करिअर घ्या आणि भाषा द्या.

चहाबिस्किट
अप्पा, प्रत्येक धाग्यात मराठी संपते तुमची. गॅसच्या भावावर बोललो तेव्हासुद्धा संपली होती.

पगारपत्रक
एचआरमध्ये आयुष्य गेलं, म्हणून आतली गोष्ट सांगतो. शिव्या नंतर घाला.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपर्यंत बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. उत्तम. पण जी बाई ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, बसत नाही तिचा तो सगळा पगार मालकाच्या खिशातून. सरकार त्यात काही घालत नाही. झालं काय, तर मुलाखतीत लग्नाबद्दल विचारायचं नाही असं ठरल्यावर लोक ‘फॅमिली प्लॅन’, ‘लाँग टर्म व्हिजन’ असं काहीतरी विचारू लागले. तीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली मुलगी आणि तेवढ्याच मार्कांचा मुलगा समोर असेल तर फाइल कुठली वर येते ते मी पाहिलंय. मीच ठेवायचो.

पाळणाघराचंही तेच. फॅक्टरी कायद्यात ३० पेक्षा जास्त कामगार बायका असल्या तरच पाळणाघर, म्हणून काही मालक तिसाच्या पुढे बायका घेतच नसत. २०१७ मध्ये निकष बदलून ५० कर्मचारी केला, पुरुष धरून, म्हणजे बायका कमी ठेवून सुटका नाही. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. हे एक शहाणपणाचं केलं. पण एमआयडीसी म्हणा, जीआयडीसी म्हणा, तपासायला येतो कोण?

चहाबिस्किट
आमच्याकडे आहे ना पाळणाघर. दारावर बदकाचं चित्र, आत जुन्या फाइली आणि तीन पायांची खुर्ची. ऑडिटच्या दिवशी फाइली बाहेर, घसरगुंडी आत.

मकरपुरा_जीएम
पूर्वी हे प्रश्न नव्हते कारण घरात आजी-आजोबा होते. आता सुनांना सासू नको, वेगळा फ्लॅट हवा गोत्रीला, आणि मग मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून रडायचं. एकत्र कुटुंब हाच उपाय आहे.

वाघोडियारोड_आजी
मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

जीएम साहेब, मी तुमचं ते एकत्र कुटुंब. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. मंडळींनी ठरवलं होतं की मी रिकामी झाले की सून पुन्हा कामाला लागेल. मला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून सकाळी सहा ते संध्याकाळी साडेसात दोन नातवंडं माझ्याकडे. नातवंडं गोड आहेत, त्यावर वाद नाही. पण धाकट्याला उचलून तिसऱ्या मजल्यावर चढते तेव्हा गुडघा काय म्हणतो ते मलाच ठाऊक. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘क्लोजिंग झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकललंय. क्लोजिंग सुनेच्या बँकेचं, डोळा माझा. आमचं भजनी मंडळ पंढरपूरला गेलं, मी घरी भेंडीची भाजी करत होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही कारेलीबागला होतो. मुलगा अहमदाबादला अडकला, सून ब्रँचमधून निघू शकली नाही. लाइट नाही, खाली पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, आणि दोन मुलं माझ्या एकटीच्या अंगावर. शेजारच्या पटेलबेननी खिचडी वर पाठवली. सगळं निभावलं. नंतर मुलगा म्हणाला, “आई, तू होतीस म्हणून बरं.” मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. राग आला.

नाईट_शिफ्ट
आजी, हे सुनेला सांगितलंत का कधी?

वाघोडियारोड_आजी
सुनेला का रे? मुलाला का नाही? मुलं दोघांची आहेत. तुम्ही सगळे सुनेवरच येता, तू पण.

आणि सांगितलं तर घरात आठ दिवस तोंडं फिरतात. म्हणून इथे सांगतेय.

ओसरी
मी बोलू का स्पष्ट? आम्ही सासूबाईंना दर महिन्याला पैसे देतो. बाहेर घोडियाघरात, म्हणजे पाळणाघरात, जेवढे द्यावे लागले असते तेवढे, त्यांच्या खात्यात. शिवाय रविवारी त्यांना पूर्ण सुट्टी. आधी त्या रागावल्या होत्या, आता पासबुक भरून आणायला स्वतः जातात.

अप्पा_निवृत्त
नातवंडं सांभाळायचे पैसे! शाब्बास. उद्या आईच्या दुधाचं बिल लावा. आमच्या आईने सहा भावंडांची मुलं वाढवली, एक पैसा नाही मागितला.

ओसरी
मागितला नाही की मागायची सोय नव्हती?

अप्पा_निवृत्त
माझ्या आईबद्दल बोलू नका.

ओसरी
मग तिला मध्ये आणू नका. तुम्हीच आणलंत.

वाघोडियारोड_आजी
अप्पा, तुमची नातवंडं कुठे असतात?

अप्पा_निवृत्त
टोरांटोला. पण त्याचा इथे काय संबंध?

वाघोडियारोड_आजी
संबंध इतकाच की तुम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर श्लोक म्हणायला लावता आणि मी इथे त्यांच्या वयाच्या पोरांची ढुंगणं धुते. दुपारी एकदा येऊन बसा माझ्याजागी, मग त्यागावर भाषण करा. चहा देईन.

सुरसागरकाठी
भाषा सांभाळा. सार्वजनिक ठिकाण आहे.

नाईट_शिफ्ट
काका, सगळ्या धाग्यात एक खरं वाक्य आलं आणि तुम्हाला भाषा दिसली.

चहाबिस्किट
आजी, तुमचं म्हणणं मान्य, पण मला त्यात सून खलनायिका झालेली नकोय. तिने नोकरी सोडली तर तुमचा गुडघा बरा होईल, तिचं बँकेतलं करिअर जाईल, आणि तुमच्या मुलाला दोन्हींपैकी काहीच जाणवणार नाही. पगारपत्रक म्हणतात ते पाळणाघर सुनेच्या बँकेत खरंच उघडं असतं तर निदान धाकट्याचा भार तुमच्यावर नसता. भांडायचं तर तिथे भांडू.

वाघोडियारोड_आजी
सून चांगली आहे म्हणूनच अडलंय बाई. वाईट असती तर कधीच सांगून मोकळी झाले असते.

पगारपत्रक
सरकारी नोकरी असती तर केंद्राच्या बायकांना मूल १८ चं होईपर्यंत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. दहावीसाठी बहुतेक जणी तीच वापरतात. जीएम साहेबांच्या त्या बाई सरकारी असत्या तर त्यांची ‘महत्त्वाकांक्षा’ कुणी काढली नसती.

मकरपुरा_जीएम
म्हणून तर सरकारी कामं होत नाहीत.

असो. सगळे मिळून माझ्यावर तुटून पडला आहात, तर ऐका. मी त्या बाईंना ‘आत्ता की कधीच’ असं विचारलं नव्हतं, त्यांनी नको म्हटल्यावर फाइल बंद केली. तसं करणं नियमात बसतं. तरी चहाबिस्किट बाईंचं समाधान व्हावं म्हणून परीक्षा झाल्यावर एकदा विचारेन. क्वार्टरचं माझ्या हातात नाही. आणि त्या पुन्हा नाही म्हणाल्या, तर इथेच येऊन मोठ्या अक्षरांत लिहीन.

चहाबिस्किट
लिहा की. फक्त विचारताना क्वार्टर किती खोल्यांचं आहे तेही सांगा त्यांना. ‘माझ्या हातात नाही’ म्हणणारा जीएम मी पहिल्यांदाच पाहतेय.

ओसरी
वहिनींना पण विचारा साहेब, एकदा सहज. भरूचच्या वर्षांबद्दल.

मकरपुरा_जीएम
ती हे वाचतेय. तुमचं सगळं तिला पटलंय. आज जेवण बाहेरून मागवलंय.

वाघोडियारोड_आजी
बरं, कामाचं विचारते. वाघोडिया रोडवर संध्याकाळी सातपर्यंत ठेवणारं घोडियाघर कुणाला माहीत आहे का? आठवड्यातून दोन दिवस चालेल. सुनेला मीच सांगेन, ऑपरेशनची तारीख घेतली की.

अप्पा_निवृत्त
मराठी बोलणारी बाई असेल असंच बघा.