नागपुरातून प्लूटो-शॅरनचा प्रकाशवक्र: ८ इंची दुर्बिणीला जमेल का?

धरमपेठ_दुर्बीण
८ इंची न्यूटोनियन (फोकल लेंग्थ १००० मिमी), ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कूल्ड मोनो कॅमेरा आणि आर (लाल प्रकाशाचा) फिल्टर आहे. प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन यांचं एकत्र तेज ६.३९ दिवसांच्या फेरीत कसं चढतं-उतरतं, त्याचा वक्र काढायचा आहे. पण प्रतियुती (प्लूटो सूर्याच्या बरोबर समोर येतो ती वेळ) जुलैअखेर, म्हणजे भर पावसाळ्यात. मग केव्हा बसायचं?

रामटेक_रात्र
जमेल, भाऊ. शॅरन सुटा दिसणार नाही, हे आधीच धरून चाला. दोघांत फार तर ०.९ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) अंतर, आणि आपल्या हवेत ताऱ्याचाच ठिपका ३ विकलांचा होतो. मोजायची ती दोघांची मिळून प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितकं तेज मंद), साधारण १४.४. १९५५ मध्ये वॉकर आणि हार्डी यांनी प्लूटोचा आवर्तकाळ (स्वतःभोवतीच्या एका फेरीचा काळ) असाच काढला, शॅरन सापडायच्या २३ वर्षं आधी!

ऑक्टोबरचा मध्य धरा. अंधार पडतो तेव्हा प्लूटो मध्यमंडलाजवळ (आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेजवळ), सुमारे ४६ अंशांवर असतो. त्याच सुमारास तो स्तंभी (ताऱ्यांमध्ये जवळपास थांबलेला) असतो, म्हणून आठवडाभर तेच तुलनातारे (ज्यांच्याशी तेज ताडायचं ते तारे) चालतात. २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक), १२० सेकंदांच्या ३० फ्रेम. ३० अंशांखाली उतरला की थांबा. सलग सात संध्याकाळी मिळाल्या तर वक्र पुरा.

वायुभार_१.४
स्तंभी असण्यातच खोच आहे. मागे १८व्या प्रतीचा तारा असला तर तो रोज मापात मिसळतो आणि ०.०४ प्रतीची चूक घालतो. १९८०च्या दशकात चढउतार ०.३ प्रतीचा होता. आता ध्रुव आपल्याकडे कलल्याने तो बराच कमी, त्यामुळे ही चूक परवडत नाही. नोव्हेंबरअखेर प्लूटो सरकला की तीच जागा पुन्हा टिपा, तो तारा मोजून वजा करा. तुलनातारे बी-व्ही (ताऱ्याच्या रंगाचा आकडा, लहान तितका तारा निळा) ०.६ ते १.० मधलेच घ्या. निळा तारा घेतला तर प्लूटो खाली उतरताना हवा निळा प्रकाश जास्त अडवते आणि दोघांच्या तेजातला फरक आपोआप सरकतो.

धरमपेठ_दुर्बीण
मधली एखादी रात्र ढगात गेली तर?

रामटेक_रात्र
३२व्या दिवशी बसा. पाच फेऱ्या ३१.९४ दिवसांत होतात, त्यामुळे जवळपास तीच बाजू समोर येते. मात्र तोवर प्लूटो पश्चिमेला कललेला असतो, अंधार पडताच सुरू करा. महिन्याभरात अंतर वाढून तो ०.०३ प्रतीने मंदावतो. सूर्य आणि पृथ्वीपासूनच्या अंतरांची दुरुस्ती केल्याशिवाय दोन्ही रात्री जोडू नका.

वायुभार_१.४
एकाच रात्रीत पूर्ण वक्र हवा तर एप्रिलमध्ये हाउमिया हा बटुग्रह घ्या. ३.९ तासांत फिरतो, चढउतार ०.२८. पण प्रत १७.३ आहे, शहरातून नको. पेंच गाठा.