लाईट बिल एकदम ४,२०० आलं, घरात एसी नाही. मदत हवी आहे

इंदिरानगरची:
दर महिन्याला दीड हजाराच्या आसपास येणारं बिल मे महिन्यात ४,२०० आलंय. घरात तिघंच. गीझर मार्चपासून बंद. पुढच्या आठवड्यात मुलाच्या क्लासची फी भरायची आहे, पैसे कुठून काढू? बिल कमी करायचा उपाय लवकर सांगा.

सातपूरचा वायरमन:
ताई, युनिट किती? रुपयांवरून काही कळत नाही. आणि बिल किती दिवसांचं?

पंखेवाला:
जुने पंखे काढा. जुना ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. मी चारही बदलले.

कॉलेजरोडकर:
३०० युनिटच्या वर गेला असाल. एकदा ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो.

सातपूरचा वायरमन:
चूक. पहिल्या १०० ना पहिला दर, १०१ ते ३०० ना दुसरा, फक्त त्याच्या वरच्यांना तिसरा. उगाच घाबरवू नका.

कॉलेजरोडकर:
माझ्या बिलात उडी दिसते, म्हणून लिहिलं.

इंदिरानगरची:
३४१ युनिट, ३० दिवस. आधी १५० च्या आसपास असायचे. पंखे नकोत हो, आधी हे बिल कसं भरू ते सांगा.

पाथर्डी फाटा:
छतावर सोलर बसवा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान मिळतं.

पंचवटीकर:
फ्लॅट असेल तर गच्ची सोसायटीची, एकटीनं कसं बसवायचं? आणि खरं सांगू का, पूर्वी नाशकात मे महिन्यातही रात्री चादर लागायची. झाडं तोडली, आता घरोघर एसी.

निफाडचा शेतकरी:
आमच्या द्राक्षबागेच्या मोटारीचं बिल माफ झालंय, साडेसात एचपीपर्यंत. पण लाईट रात्री येते, त्याचं काय करायचं?

सातपूरचा वायरमन:
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. ताई, १९० युनिट जास्त म्हणजे रोजचे सहा. पंख्यानं-फ्रीजनं एवढी वाढ होत नाही. कूलर आठ तास चालला तरी दीड युनिट. घरात नवीन काय आलं? वायरिंगचं, मीटरचं काही काम झालं?

इंदिरानगरची:
नवीन काहीच नाही, कूलर दरवर्षीचाच. एप्रिलअखेर बिल्डिंगमधले सगळे मीटर बदलले, पण ते फुकट होतं. त्याचा काय संबंध?

सातपूरचा वायरमन:
हे आधी सांगायला हवं होतं! आज रात्री अकराला घरातला मेन स्विच बंद करा आणि खाली जाऊन बिलावरच्या क्रमांकाचाच मीटर शोधा. लाल दिवा लुकलुकतोय का बघा. मीटरवर ३२०० इम्प लिहिलं असेल तर तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. एका मिनिटाचे मोजा. मीटरला, वायरला हात लावू नका.

पंखेवाला:
तरी पंखे बदलाच, फायदा कायमचा आहे.

इंदिरानगरची:
मेन बंद, घरात अंधार, आणि मिनिटाला ८० वेळा!!

सातपूरचा वायरमन:
म्हणजे तासाला दीड युनिट. तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाचा तरी एसी चालतोय. मीटर बदलताना वायरी अदलाबदल झाल्या असणार. समोरच्यांना त्यांचा मेन दोन मिनिटं बंद करायला सांगा.

इंदिरानगरची:
समोरच्या काकूंनी मेन बंद केला आणि माझ्या मीटरचा दिवा थांबला. त्यांच्याकडे दोन एसी आहेत, बिल मात्र १,५०० आलंय. त्यांना वाटलं, नव्या मीटरमुळे कमी आलं. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या, म्हणाल्या फरक मी देते.

पंचवटीकर:
त्यांच्याकडून हातोहात पैसे घेऊ नका. दोन्ही बिलं कागदावरच दुरुस्त व्हायला हवीत. दोघींनी मिळून वीज कंपनीकडे अर्ज द्या, दोन्ही मीटरचे फोटो आणि मागची सहा बिलं जोडा, पोच घ्या. विद्युत कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरता येते. निकाल लागेपर्यंत लाईट तोडता येत नाही.

इंदिरानगरची:
अर्ज दिला, पोच मिळाली. सरासरीप्रमाणे १,४६० भरले. उद्या वायरी बदलायला माणूस येणार आहे. वायरमनदादा, तो गेल्यावर पुन्हा मेन बंद करून बघू ना?

सातपूरचा वायरमन:
हो. या वेळी काकूंनाही सोबत घेऊन दोन्ही मीटर बघा. आणि त्या दिवसाची दोन्ही रीडिंग लिहून ठेवा.