शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घ्यायचा आहे, सुरुवातीला काय सांभाळावं?

प्रश्न
वय ४ वर्षं, नर, वजन ३२ किलो, नसबंदी व्हायची आहे. आजवर फक्त केनेलमध्ये (कुत्रे ठेवायच्या जागेत) राहिलेला. घरात एक मांजर आहे, जिना आहे आणि रोज चार तास घरी कुणी नसतं. पट्टा कोणता घ्यावा, मांजराशी ओळख कशी करावी, डॉक्टरांना काय सांगून ठेवावं? आणि रोज किती पळवावं लागतं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

प्रतिसाद १
पळवण्याची चिंता सोडा. २०–३० मिनिटांचे दोन फेरफटके पुरतात, उरलेला दिवस तो झोपून काढेल. चिंता करायची ती पट्ट्याची. ग्रेहाउंडची मान जवळपास डोक्याइतकीच जाड असते. घाबरून मागे सरकला की साधा बकलचा पट्टा कानांवरून अलगद निघून येतो. म्हणून मार्टिंगेल पट्टा (दोन कड्यांचा, ओढला की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा), ४–५ सेंमी रुंद, कानांच्या लगेच मागे. ओढून बघा: दोन्ही कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे, मध्ये दोन बोटं फट राहायला हवी.

आपोआप गुंडाळली जाणारी दोरी अजिबात नको. तेवढ्या अंतरात तो चांगलाच वेग घेतो आणि दोरी संपली की सगळा झटका मानेवर येतो. कुंपण नसलेल्या जागी मोकळा सोडू नका. ही नजरेने शिकार हेरणारी जात. एकदा काही पळताना दिसलं की हाक ऐकूच येत नाही आणि ताशी ६० किमीने धावणाऱ्या कुत्र्याला रस्त्याचं भान नसतं.

प्रतिसाद २
नसबंदी बाकी आहे, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच बोला. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी फार कमी असते आणि काही औषधं त्याच्या यकृतात सावकाश मोडतात. थायोपेंटलसारखी बार्बिट्युरेट गटातली भूल दिली तर शुद्धीवर यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दुसरा धोका रक्तस्रावाचा. शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळं ठीक दिसतं आणि दीड-दोन दिवसांनी जखमेभोवती काळंनिळं पसरायला लागतं, कारण या जातीत रक्ताची गुठळी लवकर विरघळू शकते. ट्रानेक्झामिक ॲसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) आधीपासून द्यायचं का, ते जरूर विचारा.

रक्ततपासणीतही घोळ होतो. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५०–६५ टक्के, प्लेटलेट कमी, थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक कमी हे या जातीत नेहमीचंच. इतर कुत्र्यांचे आकडे लावले तर निरोगी कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. केनेलमधून आलाय म्हणून एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची चाचणी करून घ्या. दातही बहुधा खराब असतील, ते त्याच भुलीत साफ करता येतील का विचारा.

प्रतिसाद ३
मांजराबद्दल घाई नको. पहिली भेट बास्केट मझल (तोंडाला लावायची जाळी) आणि पट्टा लावूनच. शर्यतीच्या कुत्र्यांना मझलची सवय असते, त्यात त्याला शिक्षा वाटत नाही. मांजराला चढून बसायला उंच जागा ठेवा. कुत्रा मांजराकडे बघून नजर वळवत असेल, हातातला खाऊ घेत असेल तर आशा आहे. अंग ताठ, नजर खिळलेली आणि खाऊकडे दुर्लक्ष असेल तर भेट तिथेच थांबवा. दोघांना काही आठवडे एकटं सोडायचं नाही.

त्याने जिना पाहिलेला नसतो, काच पाहिलेली नसते. काचेच्या दारावर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावा. उतरायला शिकवताना खालच्या दोन पायऱ्यांपासून सुरू करा, हार्नेस धरून, एकेक पाय ठेवून. झोपेत डोळे उघडे असू शकतात, म्हणून हात लावण्याआधी लांबून नाव घ्या. दचकून चावण्याचे प्रकार इथेच होतात. लहान मुलं असतील तर त्याच्या अंथरुणाजवळ त्यांना जाऊ देऊ नका.

चार तासांचं एकटेपण एकदम लादू नका. केनेलमध्ये सोबतीला कुत्रे असत, एकटं राहणं त्याला माहीतच नाही. पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. रडायच्या आत परत यायचं.

प्रश्नकर्ता
फार उपयोगी. घरात मांजराला स्वीकारलं तर अंगणातही चालेल का?

प्रतिसाद ३
नाही. घरात सोफ्यावर बसलेलं मांजर आणि बाहेर पळणारं मांजर त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो अंगणात असेल तेव्हा मांजर आत, दार बंद.