सिल्वासाचा फ्लॅट आणि न्यायालयाची हद्द

ए-४०३ : नमस्कार. सिल्वासाला घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मुदत उलटून गेली तरी बिल्डर देत नाही. दावा इथे ठाण्यात लावता येईल का? की सिल्वासा गुजरातला लागून असल्याने पुढे अहमदाबादच्या उच्च न्यायालयापर्यंत जावे लागेल?

बी-१०२ : अहमदाबादचा प्रश्नच येत नाही. केंद्रशासित प्रदेशावर कोणत्या उच्च न्यायालयाचा अधिकार चालावा, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३० प्रमाणे संसद ठरवते. त्यामुळे लक्षद्वीप केरळ उच्च न्यायालयाकडे, अंदमान कोलकात्याकडे, तर दादरा-नगर हवेली (सिल्वासा त्यातच येते) आणि दमण-दीव हे २०२० मध्ये एकत्र झालेले प्रदेश मुंबईकडे आहेत. दीव तर सौराष्ट्राच्या किनाऱ्याला चिकटलेले आहे, तरी तिथले अपील मुंबईलाच येते! मात्र आपला दावा थेट उच्च न्यायालयात जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ नुसार, स्थावर मालमत्तेचा ताबा मागायचा असेल तर ती मालमत्ता ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथेच दावा लावावा लागतो, म्हणजे सिल्वासाला.

सी-६०१ : पण अशा करारांत बहुधा ‘वाद केवळ मुंबईच्या न्यायालयांत चालतील’ असे कलम असते. त्यावर दोघांच्याही सह्या असतात ना?

बी-१०२ : सह्या असल्या तरी, ज्या न्यायालयाला कायद्याने मुळात अधिकारच नाही त्याला तो पक्षकारांच्या संमतीने मिळत नाही. गुडगावमधील भूखंडाच्या एका प्रकरणात करारात दिल्लीचा उल्लेख होता आणि दावाही दिल्लीत लावला होता. पण जमीन दिल्लीबाहेर असल्याने तिथल्या न्यायालयाला अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. तोवर दावेदाराची कित्येक वर्षे वाया गेली होती.

ए-४०३ : मग सिल्वासाच्या फेऱ्या अटळ आहेत का?

बी-१०२ : दिवाणी दावाच लावायचा असेल तर होय. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. दुसरा मार्ग महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, कारण त्या प्रदेशातील नोंदणीकृत प्रकल्पही महारेराच्याच कक्षेत येतात. फ्लॅट हवाच असेल तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज आणि नको असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत, अशी तरतूद रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १८ मध्ये आहे. आधी यांपैकी काय हवे ते घरात ठरवा आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक शोधून ठेवा.