ए-वन ग्रां प्री बंद पडली ती शर्यती रटाळ झाल्यामुळे नव्हे

शर्यतींत चुरस उरली नाही म्हणून प्रेक्षक पांगले आणि ए-वन ग्रां प्री ही देशांच्या संघांमधली मोटार शर्यत स्पर्धा बंद पडली, हा निष्कर्ष मला पटत नाही. २००८-०९ च्या अखेरच्या हंगामात विजेतेपदाचा निकाल शेवटच्या फेरीपर्यंत लागला नव्हता. मे २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला आयर्लंड, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल हे तिघेही दावेदार होते, आणि ॲडम कॅरलने त्या दिवशीच्या दोन्ही शर्यती जिंकून आयर्लंडला करंडक मिळवून दिला. ती हिरवी गाडी अंतिम रेषा ओलांडताना मी दूरचित्रवाणीवर पाहिली आहे. ही स्पर्धेची शेवटची शर्यत ठरेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

दुखणे पैशाचे होते. लोला या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या गाड्या सोडून २००८-०९ च्या हंगामासाठी फेरारीचे इंजिन असलेल्या नव्या गाड्या आणल्या खऱ्या, पण त्या वेळेत तयार न झाल्याने इटलीतल्या मुजेलोची पहिलीच फेरी रद्द करावी लागली. पुढे ब्रिटनमधली संचालक कंपनी दिवाळखोरीत गेली, गाड्या अडकून पडल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सर्फर्स पॅराडाइजची फेरी ऐन वेळी सोडून द्यावी लागली. ती पोकळी तिथल्या व्ही-एट सुपरकार्स या मोटार शर्यतींच्या मालिकेने जास्तीच्या शर्यती लावून भरून काढली. फारशी चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे, टाकून दिलेल्या त्या लोला गाड्याच २०१० पासून युरोपातल्या ऑटो जीपी मालिकेत धावल्या. नारायण कार्तिकेयनने डिसेंबर २००७ मध्ये चीनमधल्या झुहाईला या स्पर्धेतला भारताचा पहिला विजय मिळवला, तोही याच बनावटीच्या गाडीतून.