विषय: उत्तर: डिसेंबरमध्ये ठाण्यात बिनवाद्यांचा कार्यक्रम, बेघर निवाऱ्यासाठी

प्रेषक: गायनवृंद, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत वृंदातले बहुतेक जण ठाण्यात नाहीतर वाशी-नेरूळला असणार आहेत. इथे अमेरिकेत थंडी पडली की कॉलेजचे अकापेला गट गावातल्या चर्चमध्ये गातात. पेटी नाही, गिटार नाही, नुसते गळे. दाराशी देणगीची पेटी असते आणि जमेल ते त्याच गावातल्या बेघरांच्या निवाऱ्याला जातं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली ‘पेन मसाला’ हा गट सुरू झाला आणि आपल्याकडची गाणीही अशी गाता येतात हे इथल्या मुलांना दिसलं. तसा एक कार्यक्रम ठाण्यात करावा असं सगळ्यांच्या मनात आहे. नौपाड्याच्या काकू इथून ठाण्याला परत गेल्यापासून तिथल्या बेघर निवाऱ्याच्या कामात आहेत. काकू, तुमचं काय म्हणणं?

प्रेषक: खजिनदार

उत्तम कल्पना. इथल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी निधीतून आपणही भर घालू. डॉलरचे रुपये झाले की तिथे चांगली रक्कम होते. शंभरेक ब्लँकेटं तर सहज. काकू, संस्थेचा खाते क्रमांक कळवाल का?

प्रेषक: नौपाड्याच्या काकू

प्रिय मंडळी,

तुमचे मेल वाचून फार बरं वाटलं. कार्यक्रम जरूर करूया. पण दोन गोष्टी आधी बोलायला हव्यात.

आधी पैशाचं. परकीय अंशदानाच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे आपलं मंडळ हा परकीय स्रोत आहे. ज्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे तिलाच मंडळ पैसे देऊ शकतं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तिथून दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही बंदी आहे. आमच्यासारख्या छोट्या संस्थांकडे ही नोंदणी नसते. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. ओसीआयवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांची, मात्र धरतात. म्हणून भाऊ, मंडळाचा निधी तिकडेच राहू दे, तुमच्या गावातल्या निवाऱ्याला द्या. इथले पैसे इथे उभे करू. ठाण्यात दिवाळी पहाटेला पहाटे उठून गर्दी करणारे लोक आहेत, त्यांना गाण्याचं मोल सांगावं लागत नाही. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर त्यावर जीएसटीही लागत नाही. तुम्ही फक्त आवाज घेऊन या.

आता ब्लँकेटं. कृपा करून ब्लँकेटं नकोत. तुमच्याकडे बर्फात माणूस रात्रभर बाहेर राहिला तर जिवाशी खेळ, म्हणून तिथले कार्यक्रम हिवाळ्यात होतात ते बरोबरच आहे. ठाण्याचा डिसेंबर त्या मानाने माणसाला जगू देतो. इथला खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. जूनमध्ये पहिली मोठी सर आली की फुटपाथ गेला, पुलाखालीही पाणी येतं. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पायाची बोटं चिखल्यांनी सोलवटतात, आणि पायच धड नसतील तर नाक्यावर काम मिळत नाही. डिसेंबरात वाटलेलं ब्लँकेट पावसात भिजून आठवड्यात कुजतं. ते मी डोळ्यांनी बघते.

मग लागतं काय? कुलुपाची पेटी. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. स्टेशनबाहेर झोपलेला माणूस बघा, चपला डोक्याखाली घेऊन झोपतो. पायात ठेवल्या तर सकाळी नसतात. निवाऱ्यातही तोच घोर. एक आजोबा आमच्याकडे पहिले कित्येक दिवस पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून झोपायचे, कारण आत रेशन कार्डाची झेरॉक्स आणि बायकोचा फोटो. त्यांना पेटी आणि किल्ली दिली, त्या रात्री पहिल्यांदा हात मोकळे टाकून झोपले. कागद शाबूत राहिले की आधार निघतं, बँकेत खातं होतं, दवाखान्यात कोणी हुसकत नाही.

केंद्राच्या शहरी बेघरांसाठीच्या योजनेत दर लाख वस्तीमागे किमान १०० जणांच्या कायम निवाऱ्याची आणि माणशी ५० चौरस फूट जागेची अट होती. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर होतं. हिशेब तुम्हीच करा. इमारती उभारणं सरकारचं काम आहे आणि ते त्यांच्याकडून करून घ्यायलाच हवं. पण पेट्या, रात्रपाळीच्या काळजीवाहूचा पगार, बायकांच्या दालनाला आतून कडी, एवढं आपल्या हातातलं आहे. डिसेंबरात गा, मे महिन्याच्या आत पेट्या बसवू.

आणखी एक विनंती. निवाऱ्यातल्या कुणालाही मंचावर बोलावून हार घालायचा नाही, पडद्यावर फोटो नकोत. ज्यांना गाणं ऐकायचं असेल ते आपल्याबरोबर बाकीच्यांसारखेच खुर्चीत बसतील.

काकू

प्रेषक: खजिनदार

काकू, पटलं. निधी इथल्या निवाऱ्याला देण्याचा ठराव पुढच्या सभेत मांडतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना वेगळं लिहीन. हॉलचं भाडं, परवाने यांचा अंदाज द्याल का?

प्रेषक: गायनवृंद, न्यू जर्सी

काकू, फोटोंचं अगदी मनापासून मान्य.

गाण्यांचं सांगते. सलिल चौधरींनी १९५८ साली मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर उभा केला, म्हणजे मिळून वेगवेगळ्या सुरांत गाणं आपल्या भागाला अगदीच नवं नाही. आम्ही भूपाळी, अभंग आणि जात्यावरच्या ओव्या बसवतोय. तंबोऱ्याच्या जागी दोघंजण षड्ज-पंचम धरून असतात. दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, एकाचा संपत आला की दुसऱ्याचा भरलेला हवा. ठेका तोंडानेच. मोठं नाट्यगृह नको, आवाज माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा हॉल बघा.

प्रेषक: नौपाड्याच्या काकू

घंटाळीच्या सहयोग मंदिरात चौकशी करते. जागा कुठलीही ठरो, पंखे बंद ठेवता येतात का ते आधी बघेन, कारण त्या घरघरीत खर्जातला आवाज हरवतो. डिसेंबरात पंख्यांवाचून चालेल.

परवान्याचं: तिकीट लावलं की हौशी मंडळांना कॉपीराइट कायद्यात असलेली सवलत मिळत नाही. संतांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेची, परवानगी काढावी लागेल. ध्वनिमुद्रण वाजवणार नाही, त्यामुळे रेकॉर्डवाल्यांची वेगळी लागणार नाही. पारंपरिक चाली कुठल्या आणि बांधलेल्या कुठल्या, अशी यादी ताई या महिन्यात पाठव. लोखंडी पेट्यांचा दर वागळे इस्टेटमध्ये दोन कारखान्यांत विचारलाय. पत्रा जाड घ्यायचा की पावसाळ्यासाठी गंज न धरणारा, यावर भाव ठरेल. तो हातात आला की भाऊंना हॉलच्या खर्चाबरोबरच कळवते.